सशर्त निवास आणि मायदेशचा प्रवास

मुलगी लग्न होऊन अमेरिकेस जाते, तिकडे तिचा संसार मांडला जातो, आणि दोन वर्षे हां हां म्हणता निघून जातात. मग इकडे बेळगावात किंवा बडोद्यात वडील अंथरुणाला खिळतात, नाहीतर धाकट्या भावाचे लग्न ठरते, आणि घरात एकच प्रश्न घोळू लागतो. ती येऊ शकेल काय? आणि आली, तर तिला परत जाता येईल काय? कारण तिच्याजवळच्या ग्रीन कार्डावरील तारीख उलटून गेलेली असते, नव्या कार्डासाठी केलेला अर्ज सरकारदरबारी पडून असतो, आणि निकाल केव्हा लागेल हे कोणीच सांगत नाही. कोणी म्हणतो, 'निघालीस तर दार कायमचे बंद होईल.' दुसरा म्हणतो, 'काही होत नाही, खुशाल जा.' ही दोन्ही मते अर्धवट माहितीवर उभी आहेत. यातील खरे काय आहे, ते आज आपण क्रमाने पाहू.

प्रथम 'सशर्त निवास' म्हणजे काय ते समजून घेऊ. अमेरिकेचा नागरिक किंवा तेथील कायम निवासी आपल्या पतीला अथवा पत्नीला तेथे नेऊ शकतो. परंतु केवळ प्रवेश मिळविण्यासाठी कागदोपत्री लग्ने लावली जातात, अशी तक्रार तेथे वाढली, आणि १९८६ साली त्या देशाने विवाहातील फसवणुकीस आळा घालणारा कायदा केला. त्या कायद्यान्वये, निवासाचा हक्क मिळाला त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर तो हक्क दोन वर्षांच्या अटीवर मिळतो. कार्डही दोनच वर्षांचे असते. एरवी नोकरी करणे, घर घेणे, प्रवास करणे या बाबतींत सशर्त निवासी आणि कायम निवासी यांत भेद नाही. भेद आहे तो इतकाच की, दोन वर्षांच्या शेवटी आपला संसार खरा आहे हे पुराव्याने दाखवून ती अट काढून घ्यावी लागते.

यासाठी जो अर्ज करावयाचा त्याला आय-७५१ असे नाव आहे. पतिपत्नींनी दोघांच्या सह्यांनिशी तो करावयाचा असतो. त्याचा काळही ठरलेला आहे. दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच्या ९० दिवसांत तो पोचला पाहिजे. समजा, कार्डावर १० ऑक्टोबर २०२६ ही तारीख आहे. तर १२ जुलैपासून अर्ज करता येतो. त्याआधी पाठविलेला अर्ज परत येण्याचा संभव असतो. आणि अर्ज केलाच नाही तर दोन वर्षांच्या अखेरीस हक्क आपोआप संपुष्टात येतो. मुदत चुकली आणि तिला सबळ कारण असले, तर ते कारण लेखी मांडून उशिराही अर्ज करता येतो. पण कारण मान्य करणे वा न करणे हे अधिकाऱ्याच्या हाती राहते.

आता मुख्य मुद्दा. अर्ज वेळेवर दाखल झाला की त्या खात्याकडून एक पोचपावतीचे पत्र येते. त्या पत्राचे नाव आय-७९७. पुष्कळ लोक ते साधी पावती समजून कपाटात टाकून देतात. वस्तुतः त्या पत्राची योग्यता कार्डाइतकीच आहे. कार्डावर छापलेल्या तारखेपुढे अमुक महिने हा हक्क चालू राहील, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. एके काळी ही मुदतवाढ १२ महिन्यांची असे. अर्जांचे निकाल लांबू लागले तशी ती २०१८ साली १८ महिन्यांची, २०२१ साली २४ महिन्यांची, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ४८ महिन्यांची झाली. अशा नियमांत पुढेही बदल होऊ शकतो. म्हणून शेजारणीच्या पत्रात काय होते ते विचारीत न बसता, आपल्या पत्रात किती महिने लिहिले आहेत तेच प्रमाण मानावे.

शाळेतील दाखला देऊन सांगावयाचे तर असे म्हणता येईल : परीक्षा झाली, उत्तरपत्रिका तपासनिसाकडे गेल्या, पण निकाल लागावयाचा आहे. एवढ्याने मुलाचे नाव हजेरीपटावरून कमी होत नाही. निकाल लागेपर्यंत तो त्याच शाळेचा विद्यार्थी असतो. अर्ज प्रलंबित असलेल्या सशर्त निवाशाची स्थिती अगदी हीच आहे. त्याचा दर्जा संपलेला नाही, लटकलेलाही नाही. तो चालू आहे. आणि म्हणूनच त्याला परदेशी जाऊन परत येता येते. तेथील स्थलांतराच्या नियमांतच हे सांगितले आहे की, अर्ज रीतसर दाखल झाल्यावर योग्य कागदपत्रे जवळ असल्यास अर्जदाराने देशाबाहेर जावे व परत यावे. मात्र मुलाखतीचे बोलावणे आल्यास दोघांनी हजर राहिले पाहिजे. या प्रवासासाठी निराळी परवानगी काढावी लागत नाही. 'अॅडव्हान्स परोल' नावाचा जो परवाना लोकांच्या बोलण्यात येतो, तो ज्यांना अजून निवासाचा हक्कच मिळालेला नाही अशा अर्जदारांसाठी असतो. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे कित्येकजण विनाकारण घाबरून घरी बसतात.

तेव्हा प्रवास करता येतो, हे निश्चित. परंतु तो निर्वेध व्हावा म्हणून तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली कागदांची, दुसरी काळाची आणि तिसरी टपालाची.

कागदांचे पाहू. प्रवासात तीन कागद नेहमी एकत्र असावेत : चालू पासपोर्ट, मुदत उलटलेले ते कार्ड, आणि मुदतवाढीचे मूळ पत्र. 'कार्डाची तारीख गेली, आता त्याचा काय उपयोग' म्हणून ते फेकून देऊ नये. पत्राला अर्थ येतो तो कार्डामुळे, आणि कार्डाला जीव राहतो तो पत्रामुळे. पत्राची छायाप्रत किंवा मोबाईलमधील चित्र यांवर विसंबू नये. ती जवळ जरूर ठेवावी, पण मूळ पत्राच्या बदली नव्हे. तिकिटावरचे नाव पासपोर्टाशी जुळते की नाही, हेही पाहावे. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलण्याची चाल आहे. पासपोर्टात माहेरचे नाव आणि कार्डावर सासरचे, असे झाले असेल तर विवाहाचा दाखला बरोबर बाळगावा.

अडचण बहुधा अमेरिकेच्या दारात येत नाही. ती येते इकडे, विमानतळावरील खिडकीशी. योग्य कागद नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला अमेरिकेत दंड भरावा लागतो. त्यामुळे तिची माणसे कार्डावरची गेलेली तारीख पाहताच थबकतात. अशा वेळी रागावून उपयोग नाही. शांतपणे पत्र पुढे करावे, त्यातील मुदतवाढीचे वाक्य दाखवावे, आणि वरिष्ठास बोलावण्याची विनंती करावी. यासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा तास-दीड तास आधी पोचणे शहाणपणाचे. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलावयाचे असेल तर त्या देशाचे नियम निराळे असतात. मुदत गेलेले कार्ड आणि पत्र त्यांना चालते काय, हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्यावे. शक्य असल्यास थेट विमानाने जावे. चार पैसे अधिक पडले तरी काळजी वाचते.

पत्रातील मुदतही संपत आली असेल आणि निकाल लागलेला नसेल, तर निघण्यापूर्वी तेथील खात्याशी संपर्क साधून पासपोर्टावर निवासाचा तात्पुरता शिक्का उमटवून घेता येतो. हे काम तिकडे असतानाच करावयाचे असते. इकडे आल्यावर त्याची आठवण होऊन उपयोग नाही.

दुसरी गोष्ट काळाची. निवासाचा हक्क हा राहणाऱ्यासाठी आहे. जो तेथे राहतच नाही, त्याने तो सोडून दिला असा अर्थ काढला जातो. चार-सहा आठवड्यांची भेट असेल तर कोणी काही विचारीत नाही. पण सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परतणाऱ्याला प्रवेशद्वारी नव्याने येणाऱ्या माणसासारखे तपासता येते. एक वर्ष उलटले तर कार्ड आणि पत्र यांच्या बळावर परत जाता येत नाही. दीर्घ काळ राहणे अपरिहार्यच असेल, तर पुनःप्रवेशाचा परवाना काढता येतो. त्यासाठीचा अर्ज आय-१३१ हा अमेरिकेत प्रत्यक्ष हजर असतानाच करावा लागतो. हा परवाना म्हणजेही अभयपत्र नव्हे. तिकडचे घर चालू आहे काय, आयकराचे विवरण भरले जाते काय, नोकरी आणि कुटुंब कोठे आहे, यांवरून माणसाचा खरा हेतू पाहिला जातो.

येथे एक सूचना फार महत्त्वाची आहे. परततेवेळी एखाद्या अधिकाऱ्याने 'तुम्ही येथे राहत नाही, या कागदावर सही करा' असे म्हटले, तर तो कागद वाचल्याशिवाय सही करू नये. आय-४०७ हा कागद म्हणजे निवासाचा हक्क स्वखुशीने सोडल्याची नोंद होय. त्यावर सही करणे बंधनकारक नाही. आपले म्हणणे स्थलांतर न्यायाधीशापुढे मांडण्याचा अधिकार प्रवाशाला आहे.

तिसरी गोष्ट टपालाची. आणि तिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. अर्ज पडून आहे म्हणजे खाते झोपले आहे असे नव्हे. एखादे दिवशी बोटांचे ठसे देण्यासाठी तारीख येते. एखादे दिवशी अधिक पुरावा मागणारे पत्र येते. त्याला उत्तर देण्याची मुदत ठरलेली असते आणि ती वाढवून मिळत नाही. कधी दोघांना मुलाखतीस बोलावले जाते. पुरावा भरपूर असल्यास मुलाखत माफही होते, परंतु ते गृहीत धरू नये. ठशांची वा मुलाखतीची तारीख चुकली आणि तसे आधी कळविले नाही, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अर्ज फेटाळला गेला म्हणजे दर्जा संपतो आणि प्रकरण स्थलांतर न्यायाधीशापुढे जाते. ती त्या वेळी मायदेशात असेल तर परतणे अतिशय कठीण होऊन बसते.

म्हणून निघण्यापूर्वी तिकडचे टपाल उघडून वाचील असा विश्वासाचा माणूस नेमावा. खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या अर्जाची नोंद पाहता येते. ती आठवड्यातून एकदा पाहावी. घर बदलले असेल तर नवा पत्ता १० दिवसांच्या आत कळविणे हा तेथील कायदाच आहे. तारीख आलीच, तर ती बदलून मागावी. तारीख बदलून मिळाली नाही तर मुक्काम आटोपता घेऊन निघावे.

कोणी विचारील, अर्ज करण्यापूर्वीच इकडे यावे लागले आणि ९० दिवसांचा काळ इकडेच सुरू झाला, तर काय करावे? नियमाप्रमाणे अर्जदार देशाबाहेर असला तरी अर्ज दाखल करता येतो. मात्र मुलाखतीसाठी पतिपत्नींनी व सोबतच्या मुलांनी परत गेले पाहिजे. तरीही शक्य तो अर्ज तिकडूनच करावा, पत्र हातात पडू द्यावे, आणि मगच निघावे. कार्ड इकडे हरवले, तर पोलिसांत नोंद करून त्या नोंदीची प्रत घ्यावी. बाहेर राहून एक वर्ष झालेले नसेल, तर आय-१३१ए या अर्जाचे शुल्क भरून अमेरिकन वकिलातीकडे जाता येते. मुंबई व हैदराबाद येथे अशा कचेऱ्या आहेत. तेथून मिळणाऱ्या कागदावर विमान कंपनी प्रवाशास घेऊन जाते.

श्रोतेहो, आता ज्या गोष्टीविषयी घरात उघडपणे बोलले जात नाही, तिच्याविषयी बोलणे भाग आहे. अर्ज दोघांच्या सहीचा असतो. याचा गैरफायदा घेणारे पतीही असतात. पत्नीला माहेरी भेटीसाठी म्हणून आणावयाचे, तिचा पासपोर्ट आणि कार्ड आपल्या ताब्यात घ्यावयाचे, आणि एकट्यानेच परत जावयाचे, असे प्रकार आपल्या देशात झालेले आहेत. अशा मुलीला वाटते की, नवऱ्याची सही नाही म्हणजे आपले सारे संपले. तसे नाही. लग्न खऱ्या भावनेने झाले होते, पण घटस्फोट झाला, किंवा पतीने मारहाण अथवा अतोनात छळ केला, किंवा परत पाठविल्यास अत्यंत हाल होतील, अशा परिस्थितीत एकट्याच्या सहीने अर्ज करण्याची सवलत कायद्याने दिलेली आहे. पती निवर्तला असल्यासही एकटीने अर्ज करता येतो. या सवलतीच्या अर्जाला ९० दिवसांचे बंधन नाही. मात्र एक वर्षाची मर्यादा येथेही डोक्यावर असतेच; म्हणून अशा मुलीने लोक काय म्हणतील या विचारात महिने घालवू नयेत. तिने पोलिसांत नोंद करावी, वकिलातीस कळवावे, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडे लिहावे. आणि प्रत्येक मुलीने, संसार कितीही सुखाचा असो, आपले तीन कागद आपल्याच पिशवीत ठेवावेत. यात अविश्वास नाही. केवळ व्यवस्था आहे.

पुराव्याविषयी दोन शब्द. आम्हा ख्रिस्ती लोकांत विवाह चर्चच्या दप्तरात लिहिला गेला म्हणजे तो पक्का झाला असे आपण मानतो. इतरांत अग्नीच्या साक्षीने तो पक्का होतो. पण तेथील अधिकारी लग्न लागले काय एवढेच विचारीत नाही. संसार झाला काय हे विचारतो. दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार, सामाईक बँक खाते, एकत्र भरलेले आयकराचे विवरण, विम्यावरील नाव, मुलाचा जन्मदाखला, अशा रोजच्या कागदांतून तो दिसतो. मायदेशच्या प्रवासाचाही येथे उपयोग होतो. दोघांनी मिळून केलेल्या भेटीची तिकिटे आणि दोन्ही घरच्या माणसांसह काढलेली छायाचित्रे, हाही एकत्र जीवनाचा पुरावाच आहे. ती जपून ठेवावीत.

ज्यांच्यावर कधी फौजदारी खटला झाला आहे, ज्यांना अटक झाली होती, किंवा जे पतिपत्नी वेगळे राहत आहेत, त्यांनी मात्र तिकीट काढण्यापूर्वी तेथील स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावाच. अमेरिकेत 'नोटरी' म्हणजे वकील नव्हे, आणि इकडचा एजंट तर नव्हेच. पैसे घेऊन 'मी सर्व पाहतो' म्हणणाऱ्याच्या शब्दावर कोणाचे भवितव्य सोपवू नये.

नागरिकत्वाची इच्छा असणाऱ्यांनीही काळाचे भान ठेवावे. अमेरिकन नागरिकाबरोबर संसार करणाऱ्या पतीस किंवा पत्नीस तीन वर्षांच्या निवासानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, इतरांस पाच वर्षांनंतर. आणि सशर्त निवासाची वर्षे यांत धरली जातात. परंतु सहा महिन्यांहून दीर्घ अनुपस्थितीने ही गणना खंडित झाली असे समजले जाण्याचा धोका असतो. म्हणजे इकडे लांबविलेला मुक्काम पुढची कित्येक वर्षे मागे ढकलू शकतो.

शेवटी दोन शब्द इकडच्या वडीलधाऱ्यांसाठी. मुलगी किंवा सून नाताळला, गणपतीला वा दिवाळीला आली, की 'आता आलीच आहेस तर आणखी दोन महिने राहा' असा आग्रह होतो. त्या आग्रहात माया असते, यात शंका नाही. परंतु ज्या तारखेचे तिकीट काढून ती आली आहे, ती तारीख तिने पुष्कळ विचार करून ठरविलेली असते. तिला वेळेवर निरोप देणे हेही मायेचेच लक्षण आहे. आणि जी भीतीपोटी येण्याचे टाळते, तिला हे सांगावे : अर्ज पडून आहे म्हणून आईबापांच्या आजारपणात न येण्याचे कारण नाही. मूळ पत्र, कार्ड आणि पासपोर्ट जवळ आहेत, परतीची तारीख ठरली आहे, आणि तिकडचे टपाल वाचणारे कोणी आहे, एवढ्या तीन प्रश्नांना जिला 'होय' असे उत्तर देता येते, तिने तिकीट काढावे, आपल्या माणसांना भेटावे, आणि वेळेवर आपल्या घरी परतावे.